कुणबीण म्हणजे कोण?

२०२३ सालच्या अखेरीस आपल्या राज्यांत एक मोठें शोधकार्य चाललें होतें. न्यायमूर्ति शिंदे यांच्या समितीच्या कामासाठीं गांवोगांवचीं जुनीं दप्तरें धूळ झटकून बाहेर काढलीं गेलीं. शाळांचीं रजिस्टरें, जन्ममरणाच्या नोंदी, महसुली उतारे, मोडी कागद, सारें चाळलें गेलें. आणि तें कशासाठीं, तर 'कुणबी' हा तीन अक्षरी शब्द कोणाच्या पणजोबापुढें लिहिला आहे तें पाहण्यासाठीं. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचें आज आम्हांस कारण नाहीं. आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, इतके कागद उलथेपालथे करणाऱ्या या मंडळींच्या नजरेस 'कुणबीण' हा शब्द पडला काय? आणि पडला असल्यास, तो कोणत्या अर्थानें लिहिला आहे हें वाचून कोणाचा हात क्षणभर तरी थांबला काय?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे कुणबीण म्हणजे कोण, हें सांगणें नलगे. उन्हाळ्यांत राब भाजणारी, पाऊस पडला कीं इरलें पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलांत आवण लावणारी, भात झोडणारी, मोळी विकून तेलमीठ आणणारी, आणि इतकें करून घरांत सर्वांच्या मागून जेवणारी, ती कुणबीण. परंतु मोल्सवर्थ साहेबाचा १८५७ सालचा मराठी कोश उघडून पाहावा. त्यांत या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. पहिला कुणबी जातीची स्त्री, आणि दुसरा गुलाम स्त्री. हा दुसरा अर्थ साहेबानें पदरचा घातलेला नव्हे. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द पुष्कळदां ह्याच अर्थानें येतो. अमक्यानें कुणबीण इतक्या रुपयांस घेतली, तमक्याच्या कोठींत इतक्या कुणबिणी, अमक्या किल्ल्यावर कामास इतक्या कुणबिणी पाठवाव्या, अशी ती भाषा आहे. बैलांची नोंद आणि ह्या बायांची नोंद एकाच शाईनें, एकाच शांतपणें केलेली आहे.

ह्या बाया आल्या कोठून? कोणी दुष्काळांत आईबापांनींच विकल्या, कोणी स्वाऱ्यांत धरून आणल्या, आणि कोणी सरकारनें शिक्षा म्हणून गुलाम केल्या. ही शिक्षा ज्या गुन्ह्याबद्दल होई त्यास 'बदअमल' म्हणत, म्हणजे परपुरुषाशीं संबंध. त्या गुन्ह्यांतील पुरुष बहुधा दंड भरून सुटे. दंड सरकारच्या तिजोरींत जाई आणि बाई सरकारच्या कोठींत जाई. शिक्षाही जात पाहून होई. ह्या साऱ्या बाया जातीनें कुणबी होत्या असें नाहीं. पण मुद्दा तोच आहे. विकत घेतलेल्या बाईला नांव देण्याची वेळ आली, तेव्हां राज्यकर्त्या वर्गाच्या जिभेवर जें नांव सहज आलें तें शेतांत राबणाऱ्या बाईचें आलें. जी आपण होऊन राबते आणि जी मारून राबविली जाते, त्या दोघींत त्यांस भेद दिसला नाहीं. १८४३ सालच्या पांचव्या आक्टानें हिंदुस्थानांतील कोर्टांनीं गुलामगिरी मानणें बंद केलें. कोशांतला अर्थ मात्र त्यानंतर चौदा वर्षांनींही तसाच छापला गेला.

हल्लीं कॉलेजांत व युनिव्हर्सिटींत बाई-पुरुष हा भेद आणि माणसाचें कामजीवन यांचा अभ्यास संस्कृतीच्या इतिहासांतून करण्याची एक विद्या शिकवितात. हें ऐकून आमचा शेतकरी बाप कानांवर हात ठेवतो. पोरीला शिकावयास धाडलें तें नोकरीसाठीं, ह्या चावट गोष्टी कशाला, असें तो म्हणतो. आणि त्याच घरचा मुलगा रात्रभर तमाशाच्या फडांत बसून आला तर त्यास कोणी चावट म्हणत नाहीं. आमचें मत विचाराल तर ही विद्या कोणाच्या उपयोगाची असेल तर ती आमच्याच घरांच्या. ज्यांचीं चरित्रें छापून झालीं त्यांच्या बायांचा इतिहास थोडाबहुत लिहिला गेला आहे. आमच्या आज्यांचा इतिहास शब्दांत, रूढींत, गाण्यांत आणि कोर्टाच्या निकालांत गाडलेला आहे, आणि तो उकरण्याची हीच एक रीत आहे.

उदाहरणार्थ लावणी घ्या. पेशवाईंत पुण्याच्या दरबारानें शाहिरांस पोसलें आणि शृंगारिक लावणी भरास आली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या लावणींतील बाई कोण, हा प्रश्न कोणी पुसत नसे. पुणें विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रांत शिकविणाऱ्या शर्मिला रेगे (ह्या बाई २०१३ सालीं वारल्या) यांनीं तो प्रश्न पुसला. त्यांच्या लिहिण्याचा रोख असा कीं, शूद्र बाईची वासना कधीं भागतच नाहीं असें चित्र लावणीनें रंगविलें, आणि त्याच काळीं राज्यकर्ता वर्ग शूद्र बाईचें शरीर व श्रम दोन्ही लुटीत होता. गाणें आणि लूट यांचा एकमेकांस आधार होता. ज्या बाईला बदअमल लावून गुलाम करावयाचें, ती मुळांतच तसली, असें गाऊन ठेवलें म्हणजे हिशेब पुरा होतो. ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावर जोतीराव फुले यांनीं आपल्या एका रचनेस 'कुळंबीण' हें नांव कां दिलें, तें उमजतें. त्यांनीं तोच शब्द उचलला आणि त्या बाईचे कष्ट एकामागून एक मोजून दाखविले.

आतां लग्नाच्या रूढीकडे वळूं. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आमच्या कुणबी, आगरी, कोळी, ठाकूर, वारली वगैरे जातींत विधवेचें लग्न होतें असें नमूद आहे. त्यास आपण पाट म्हणतों. नवऱ्याशीं जमलें नाहीं तर पंचांसमोर काडी मोडून मोकळें होण्याची रीत होती, तीच काडीमोड. मुलीच्या बापास वरपक्षाकडून देज मिळे, कारण कामाचे दोन हात घरांतून जात आहेत ही गोष्ट उघडपणें मानली जाई. ह्यावरून आमच्या बाया पूर्वीं राण्या होत्या असा कोणी अर्थ काढूं नये. पाट हा लग्नाहून हलकाच मानीत. तो रात्रीं, अंधारांत, सवाष्णींची नजर पडणार नाहीं अशा बेतानें लावीत. आणि पेशवे सरकार त्यावर पाटदाम नांवाचा कर घेई. स्वतःच्या जातींत विधवेचें केशवपन करावयाचें आणि आमच्या जातींत तिच्या पाटावर कर घ्यावयाचा, असा तो दुहेरी धर्म होता! तरी पण एक दार होतें, आणि तें बाईस आंतून उघडतां येई.

हें दार बंद कसें झालें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. इंग्रजी कोर्टांतील शास्त्र्यांच्या नेमणुका १८६४ सालीं बंद झाल्या. शास्त्री गेले, पण शास्त्र साहेबाच्या टेबलावर राहिलें. १८७६ सालीं मुंबई हायकोर्टानें एका खटल्यांत ठरविलें कीं, नवऱ्याच्या संमतीवांचून जातीनें बाईस दिलेली मोकळीक कोर्ट मानणार नाहीं, आणि तिच्या भरंवशावर केलेलें दुसरें लग्न हा गुन्हा होय. पंचांनीं काडी मोडली ती मोडली. कोर्टानें ती पुन्हा जोडली.

दुसरी गोष्ट ह्याहून जिव्हारीं लागणारी आहे. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा आपण शाळेंत सुधारणेचा कायदा म्हणून शिकतों. ज्या जातींत विधवेला लग्नाची बंदी होती त्यांच्यासाठीं तो झाला. त्याच्या दुसऱ्या कलमांत असें होतें कीं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतील हक्क जाईल. आमच्या जातींना ह्या कायद्याची गरजच नव्हती, कारण पाट पूर्वींपासून होता. तेव्हां हें कलम आम्हांस लागूं आहे कीं नाहीं, असा प्रश्न आला. अलाहाबादच्या हायकोर्टानें म्हटलें, जेथें रूढीनें आधींच मोकळीक आहे तेथें लागूं नाहीं. मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्ण पीठानें १८९६ सालीं म्हटलें, लागूं आहे. झालें! कोणत्या जातीची रूढि जमिनीविषयीं काय सांगते, हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. ब्राह्मण विधवेस लग्न करतां यावें म्हणून केलेल्या कायद्यानें कुणबी विधवेच्या भातखाचरावर घाला घातला. हा कायदा १९८३ सालीं रद्द झाला, आणि त्याआधीं १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवेस वारसा मिळालेल्या मिळकतीवर पुरी मालकी मिळाली, हें खरें. पण मधल्या साठ वर्षांत किती बायांनीं जमिनीखातर पाट लावला नाहीं, आणि पुढें त्यालाच आपण 'आमच्या घराण्याची रीत' म्हणूं लागलों, ह्याचा हिशेब कोण देणार?

सगळा दोष कोर्टावर टाकून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. ब्राह्मणेतर चळवळींत ज्यांनीं ब्राह्मणाचें पौरोहित्य झुगारलें, त्यांतल्याच अनेकांनीं त्याचे रिवाज अंगणांतून आंत घेतले. आपण क्षत्रिय ठरावें म्हणून पाट बंद करावा, बायांस घराबाहेर काढूं नये, देज घेणें हलकें म्हणून हुंडा द्यावा, अशीं मोठेपणाचीं लक्षणें ठरलीं. १९६१ पासून हुंडा कायद्यानें बंद आहे. मांडवांत काय चालतें तें वाचकांनींच पाहावें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांस त्यांचें तोंड आरशांत दाखविलें, तेव्हां आमच्याच पक्षाच्या कांहीं पत्रकारांस तें झोंबलें. जोतीरावांस १८८५ सालीं 'सत्सारा'च्या अंकांत ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. पुढें तें पुस्तक असें विसरलें गेलें कीं स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हा छापीपर्यंत चळवळीच्या घरांतही त्याचें नांव नव्हतें.

आणखी एक गोष्ट. माळशेज घांटापलीकडे ओतूर येथें १८८४ च्या सुमारास बाळाजी कुसाजी पाटील यांनीं भटजीवांचून लग्न लाविलें, म्हणून जोशानें त्यांस कोर्टांत खेचलें. ती लढाई पुढें चालत राहून, सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें १९२६ सालीं मुंबई इलाख्यांत जोशाचा दक्षिणेवरील जुलमी हक्क कायद्यानें काढून टाकिला गेला. ही आमच्या अभिमानाची कथा आम्ही शंभर वेळां सांगतों. पण त्याच वेळीं ठाणें-कुलाब्याच्या आगरी-कोळी वस्त्यांत धवलारीण आणि उत्तरेकडील वारली पाड्यांत धवलेरी बाई धवले गाऊन लग्नें लावीत होत्या, आणि त्यासाठीं त्यांस कोणाच्या कायद्याची गरज पडली नव्हती. भटाला हटवून त्याच्या पाटावर पुरुष कोणता बसवावा, ह्याची चर्चा आम्हीं पुष्कळ केली. त्या पाटावर बाई आधींच बसलेली होती, हें कोणीं पाहिलें?

बाईचें नांव इतिहासांत नसतेंच, असें कोणी म्हणेल त्यास आम्ही मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्याहून नाणेघांट चढावयास सांगूं. घांटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षें त्यास झालीं. बहुतेक विद्वानांच्या मतें ती त्या वेळीं विधवा होती आणि अल्पवयी मुलांच्या नांवें कारभार पाहत होती. तिनें यज्ञ केले, आणि हजारो गाई व नाणीं दक्षिणेंत दिलीं, ह्याची यादीच तेथें कोरली आहे. (त्या गाई गेल्या कोणाकडे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.) शेजारीं राजघराण्याच्या मूर्ति होत्या, आतां पायांचे अवशेष तेवढे राहिले. पुढचे सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असें आईचें नांव लावीत. कसारा चढून नाशिकास गेलें कीं तेथल्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलानें चारी वर्णांचा संकर थांबविला अशी त्यांत शेखी आहे. राजाच्या नांवांत आई असली म्हणजे बाईचें राज्य आलें, असें होत नाहीं. जात राखावयाची तर आईवरच पहारा ठेवावा लागतो. आपल्या सरकारनेंही १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदांत आईचें नांव आणिलें आहे. चांगलें केलें. सातबाऱ्यावर तें कधीं येतें, तें पाहूं.

कारण सारी गोष्ट शेवटीं सातबाऱ्यावर येऊन थांबते. १९९४ च्या महाराष्ट्राच्या आणि २००५ च्या देशाच्या दुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतका हिस्सा मिळाला. २०२० सालीं सुप्रीम कोर्टानें तो जन्मतःच आहे असें ठरविलें. शहापूर तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला, जमिनींस मोल आलें, आणि बहिणींस माहेरीं बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई सुरू झाली. साडीचोळी करून सही घेतात. न देणाऱ्या बहिणीस 'आपल्यांत असें करीत नाहींत' हें वाक्य ऐकवितात. हें 'आपल्यांत' केव्हांपासूनचें, असें तिनें उलट विचारावें. आणि उत्तर देण्यास तिच्यापाशीं इतिहास असावा.

२०१५ सालीं शहापूर तालुक्यांतील एका पाड्याची बातमी देशोदेशींच्या पत्रांत छापून आली. तेथें पाणी दूर. पहिल्या बायकोस लहान मुलें टाकून जातां येत नाहीं. म्हणून घरधन्यानें पाणी आणण्यासाठीं दुसरी, आणि मग तिसरी बाई आणिली. बहुधा अशी बाई विधवा किंवा टाकलेली असते. डोक्यावर हंडा घेण्याच्या बदल्यांत तिला घर व कुंकू मिळतें. परदेशी बातमीदारांनीं फोटो काढले, 'पाण्याच्या बायका' असें नांव दिलें, आणि जग नवल करून मोकळें झालें. ज्या तालुक्यांत तानसा (१८९२ पासून) आणि भातसा हीं धरणें मुंबईचे नळ भरतात, त्याच तालुक्यांत उन्हाळा आला कीं टँकरची वाट पाहतात, हें त्यांनीं लिहिलें. पण ही बाई त्या घरांत कोणत्या नात्यानें आली, हें कोणीं नीट विचारलें नाहीं. ती आमच्या ह्याच इतिहासांतून आली. कामाचे हात मोजून बाई घरांत आणावयाची, तिला पाटाचें हलकें स्थान द्यावयाचें, आणि राबण्याच्या बदल्यांत अब्रू द्यावयाची, ही जुनी गोष्ट नवा हंडा घेऊन उभी आहे. कुणबीण शब्दाचे ते दोन अर्थ तिच्या डोक्यावर एकत्र आले आहेत.

तिचा हक्क काय? मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं हिंदूंचें दुसरें लग्न बंद झालें, १९५५ सालीं सर्व देशांत झालें. तेव्हां पहिली हयात असतां आलेली ही बाई कायद्यानें बायकोच नव्हे. मुलांस आईबापांच्या मिळकतींत हक्क आहे, तिला मालकाच्या मागें वारसा नाहीं. चाळीस वर्षें पाणी वाहिलें तरी नाहीं. ती ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असेल तर गोष्ट आणखी निराळी, कारण १९५५ व १९५६ चे कायदे अनुसूचित जमातींस लागूं नाहींत. तेथें रूढि काय, तें पुराव्यानें दाखवावें लागतें. काडीमोडीचेंही तसेंच आहे; १९५५ च्या कायद्यानें रूढीचा घटस्फोट राखून ठेवला आहे, पण रूढि आहे हें सिद्ध करणें ज्याचें त्याच्याकडे. जुलै २०२५ मध्यें सुप्रीम कोर्टानें छत्तीसगडांतील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यांत आदिवासी बाईच्या वारसांस आजोबांच्या जमिनींत हिस्सा दिला. बाईस वगळण्याची रूढि होती असें समोरच्यांस सिद्ध करतां आलें नाहीं, हें त्यांतलें मुख्य. पाहिलेंत? जिला कॉलेजांत रूढीचा इतिहास म्हणतात, ती कोर्टांत जमीन होते.

म्हणून आमच्या तालुक्यांतील ज्या मुली मुरबाड, शहापूर, कल्याण येथील कॉलेजांत जातात, त्यांस एक काम सांगतों. मुळशी-मावळाकडे हेमा राईरकर व गी प्वातव्हॅं यांनीं गांवोगांव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं आंबेडकरी चळवळींतील बायांस घरीं जाऊन विचारलें आणि १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक केलें. ह्यांपैकीं कोणीं सरकारी समितीची वाट पाहिली नाहीं. तुम्हीं सुट्टींत आजीजवळ, आजीच्या बहिणीजवळ बसावें. तिच्या आईचें लग्न लागलें कीं पाट, देज किती व काय घेतलें, काडी कोणासमोर मोडली, पाट लावल्यावर जमीन सोडावी लागली कीं राहिली, पोर कोणाकडे गेलें, लग्नांत गाणारी बाई कोण होती व तिला काय देत, असें विचारावें. लाज वाटण्यासारखें कांहीं ती सांगेल, तें विशेष जपून लिहावें; बाप किंवा चुलता जवळ असेल तर त्यास बैल पाण्यावर न्यावयास सांगावें. घरच्या पत्र्याच्या पेटींत जुना मोडी कागद असला तर तो भंगारवाल्यास न देतां त्याचा फोटो काढावा. जें मिळेल तें आमच्याकडे पाठवावें. बाईचें व गांवाचें नांव आम्ही छापणार नाहीं. आणि पोस्टाचा खर्च आमचा.